१९७२ची पॉलिसी आज कामाला येते का?

पत्र थोडक्यात असं आहे. न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत राहणाऱ्या एका वाचक बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने २०११ साली एक छोटी स्ट्रिप मॉल घेतली, पाच दुकानांची. विकणारे आजोबा बँकेशिवायच हप्त्याने द्यायला तयार होते, त्यामुळे कर्ज नाही, बँक नाही आणि जमिनीची तपासणीही नाही. कोपऱ्यातल्या दुकानात आजोबांची स्वतःची ड्राय क्लीनिंग होती, १९६५पासून १९८८पर्यंत. आता तिथे इंडियन ग्रोसरी आहे आणि शेजारच्या दुकानात भरतनाट्यमचा क्लास. आता पुण्याला सासूबाईंजवळ जाऊन राहायचं म्हणून मॉल विकायला काढली, तर घेणाऱ्याच्या बँकेने तपासणी करायला लावली आणि जमिनीत आणि भूजलात पर्क म्हणजे ड्राय क्लीनिंगचं केमिकल निघालं. साफसफाईचा अंदाज सात ते आठ लाख डॉलर. सौदा मोडला. नवरा म्हणतो गप्प बसू, मॉल ठेवून देऊ. एका मित्राने सांगितलं की आजोबांच्या जुन्या इन्शुरन्स पॉलिसींमधून पैसे निघतात. बाई विचारतात, "पन्नास वर्षांपूर्वीची मेलेली पॉलिसी पैसे कशी देईल, आणि दिले तरी ते घेणं फसवणूक नाही का? आजोबा आता नाहीत, पण आजी आहेत, अजून दर ख्रिसमसला आम्हाला केक पाठवतात. त्यांच्यावर केस कशी करू?"

आता उत्तर.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला शेवटचं वाक्य सगळ्यात जड वाटलं. सात लाखांचा आकडा समोर असताना तुम्हाला केकची आठवण येते. म्हणून पैशाचं आधी बोलू, आजींचं नंतर, कारण पैशाचं नीट समजलं की आजींचा प्रश्न तुम्हाला वाटतोय तेवढा मोठा राहत नाही.

पॉलिसी "मेलेली" आहे हे तुम्ही गृहीत धरलंय, आणि त्यात तुमची चूक नाही, आपल्या सगळ्यांच्या डोक्यात विमा म्हणजे एलआयसी. मुदत संपली, पैसे आले, बाँड कपाटात. हप्ता चुकला की लॅप्स. पण धंद्याची जी लायबिलिटी पॉलिसी अमेरिकेत त्या काळी दुकानदार घ्यायचे, जनरल लायबिलिटी म्हणतात ती, तिचा हिशोब वेगळा आहे. असं बघा, तुमच्या गाडीचा इन्शुरन्स ३१ मार्चला संपतो. २८ मार्चला तुम्ही कुणाला ठोकलं, आणि त्या माणसाने तुमच्यावर दोन वर्षांनी केस टाकली. कोणती पॉलिसी पैसे देईल? २८ मार्चला चालू होती ती. ती कधीच संपली, तुम्ही कंपनीही बदलली, तरी त्या दिवसाची जबाबदारी तिचीच. १९६६पासून अमेरिकेतल्या या पॉलिसींच्या छापील फॉर्ममध्ये हेच होतं, नुकसान पॉलिसीच्या काळात झालं का एवढंच बघायचं, क्लेम कधी आला ते नाही. पर्क गळणं हा तसाच अपघात, फक्त तो एका दुपारी झाला नाही, वीसबावीस वर्षं थेंबथेंब चालू होता. पर्क पाण्यापेक्षा जड असतं, काँक्रीटमधूनसुद्धा झिरपतं, आणि एकदा भूजलात उतरलं की खालीखाली जात राहतं आणि वर्षानुवर्षं तिथे मुरून बसतं. म्हणजे १९६८ला पडलेला थेंब १९६९, १९७०, १९७१ अशी दर वर्षी नुकसान करतच होता. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९९४ साली ओवेन्स-इलिनॉय केसमध्ये हेच धरलं (ती ॲस्बेस्टॉसची होती, पण तत्त्व इथेही लागतं), की नुकसान असं सलग चालू असेल तर त्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसींना एकेक वाटा उचलावा लागतो.

मग या कंपन्या काय हातावर हात ठेवून बसल्या? छे. १९७० नंतर त्यांनी पॉलिसीत प्रदूषणाचं कलम घातलं, १९७३च्या फॉर्ममध्ये ते पक्कं झालं, की प्रदूषणाचं नुकसान देणार नाही, फक्त ते "अचानक आणि अपघाताने" झालं असेल तरच देऊ. आणि १९८६पासून तर सरळच, प्रदूषण असेल तर काहीच नाही. त्यामुळे आजोबांच्या १९८६ नंतरच्या पॉलिसींवर आशा ठेवू नका, आणि तुमच्या स्वतःच्या २०११पासूनच्या पॉलिसीवर तर अजिबात नाही (तरी तिलाही एक पत्र टाकून ठेवा, टपालाचाच काय तो खर्च). खरी वर्षं आहेत १९६५ ते १९८५. त्यातल्या १९७३ ते ८५च्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं की जमीन न्यू जर्सीत आहे. मॉर्टन इंटरनॅशनल नावाच्या केसमध्ये १९९३ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने कंपन्यांना सुनावलं की तुम्ही हे कलम मंजूर करून घेताना सरकारी विमा खात्याला सांगितलंत की यात नवीन काही नाही, फक्त शब्द स्पष्ट केलेत, प्रीमियमही कमी केला नाहीत, आणि आता म्हणता सगळं प्रदूषणच बाहेर? असं चालणार नाही. म्हणजे इथे जाणूनबुजून ओतलं असेल तरच ते कलम आडवं येतं. मिशिगन किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये हेच कलम कोर्टांनी शब्दशः धरलंय, तिथे हळूहळू झिरपलेलं असेल तर अवघड. आणि इंडियानात उलटं, तिथे १९९६च्या कायगर केसपासून १९८६ नंतरचं कडक कलमसुद्धा कंपन्यांना नीट वापरता येत नाही. माझ्याकडे ओहायो, टेक्सासमधूनही अशी पत्रं येतात म्हणून सांगते, मैत्रिणीच्या नणदेला अमुक राज्यात मिळाले म्हणून आपल्याला मिळतील असं धरू नका, आधी आपल्या राज्याचं बघा. टेक्साससारख्या काही राज्यांत तर ड्राय क्लीनिंगच्या जागांसाठी सरकारी फंडच आहे, तिथे पहिला अर्ज तिकडे.

फसवणुकीचं. आजोबांनी वीस वर्षं प्रीमियम भरला, कंपनीने तो घेतला, गुंतवला, त्यावर कमावलं. तिने तेव्हा दिलेल्या शब्दाची आठवण आज करून देणं ही फसवणूक कशी होईल? मी स्वतः अकरा वर्षं क्लेमच्या टेबलाच्या त्या बाजूला बसलेय, तिथे कुणालाही हे लबाडी वाटत नव्हतं, आम्हाला फक्त ते महाग वाटायचं.

पण एक गाठ आहे आणि ती तुमच्या मित्राने सांगितलेली दिसत नाही. या पॉलिसी तुमच्या नाहीत. त्या आजोबांच्या, म्हणजे आता त्यांच्या वारसांच्या. तुम्ही जमीन घेतली म्हणून तिच्याबरोबर जुना विमा आपोआप येत नाही, जशी गावाकडे जमीन घेतली म्हणून मागच्या मालकाचं सोसायटीतलं शेअर सर्टिफिकेट आपलं होत नाही. तुमच्याकडे दोन रस्ते आहेत. एक, न्यू जर्सीच्या १९७६च्या स्पिल ॲक्टखाली, म्हणजे सांडलेल्या घातक केमिकलच्या साफसफाईचा खर्च कुणी द्यायचा त्या कायद्याखाली, तुम्ही आजोबांच्या इस्टेटीकडे खर्चाचा वाटा मागायचा, आणि ती मागणी आली की आजींच्या बाजूने ती जुनी कंपनी उभी राहायला बांधील. असा वाटा मागायला इथे मुदत नाही, मॉरिसटाऊनच्या एका शॉपिंग सेंटरच्या केसमध्ये २०१५ साली सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय, आणि गंमत म्हणजे तिथेही मुळात एका ड्राय क्लीनरच्याच बॉयलरच्या तेलाच्या टाकीचे पाइप गळत होते. दुसरा रस्ता, आजींनी पॉलिसीवरचा आपला हक्क तुमच्या नावे लिहून द्यायचा. पॉलिसीत लिहिलेलं असतं की कंपनीच्या परवानगीशिवाय हक्क दुसऱ्याला देता येणार नाही, पण नुकसान आधीच झालेलं असेल तर ते कलम लागत नाही असं २०१७ साली जीवोदान केसमध्ये ठरलं. कोणता रस्ता बरा ते वकील ठरवेल, आणि इथे वकील म्हणजे रिअल इस्टेटवाला नाही, आणि तुमच्या मंडळातला इमिग्रेशनवाला तर नाहीच. पॉलिसीधारकांच्या बाजूने इन्शुरन्सच्या केसेस लढणारा हवा.

आता आजी. तुम्हाला वाटतंय की केस म्हणजे म्हाताऱ्या बाईच्या दारात बेलिफ. खरंतर बघा, आज ना उद्या डीईपी, म्हणजे राज्याचं पर्यावरण खातं, जुन्या ड्राय क्लीनिंगवाल्याचं नाव विचारणारच, आणि त्या दिवशी आजी एकट्या असतील, हातात कागद नाही आणि सोबत कुणी नाही. तुमच्या मागणीने तिच्या नवऱ्याची जुनी कंपनी जागी होते, तिचा वकील कंपनीच्या पैशाने येतो, आणि तो खर्च या जुन्या फॉर्मच्या पॉलिसीत बहुतेक वेळा मूळ रकमेच्या लिमिटमधून कापलाही जात नाही. म्हणून गुपचूप नोटीस पाठवू नका, आधी फोन करा. फोनवर चूक कुणाची हे बोलू नका, त्यांनी कशावर सही करायची हेही सांगू नका, फक्त सांगा की जमिनीत असं असं निघालंय, आजोबांनी त्या काळी इन्शुरन्स ठेवला असेल, तो शोधायला तुम्ही मदत कराल का, आणि तुम्ही तुमचा वेगळा वकील घ्या. कागद सगळे तिच्याकडे आहेत हेही विसरू नका. तुम्ही दोघी एकमेकींसमोर नाही, एका बाजूला बसलाय, निदान या एका बाबतीत तरी.

आणि ते कागद म्हणजे काय ते नीट सांगते, कारण सगळं यावरच आहे. पॉलिसी सापडणार नाही असं धरूनच चला, १९६८ची पॉलिसी कोण ठेवतं. पण पॉलिसी होती हे सिद्ध करायला पॉलिसीच लागते असं नाही, आजूबाजूच्या पुराव्यानेही चालतं. या कामाला इथे इन्शुरन्स आर्किऑलॉजी म्हणतात, म्हणजे उत्खननच, आणि ते करून देणाऱ्या कंपन्याही आहेत, पण त्यांना पैसे द्यायच्या आधी स्वतः बेसमेंट उघडा. चेकबुकचे जुने काउंटरफॉइल, ज्यावर एजंटचं नाव असतं. अकाउंटंटचे लेजर. मशीन घेतलं तेव्हाच्या कर्जाची फाइल, त्यात बँकेने इन्शुरन्सचं सर्टिफिकेट मागितलेलं असतं. कामगारांच्या वर्कर्स कॉम्पची, म्हणजे कामावर इजा झाली तर देणारी पॉलिसी, कारण एजंट बऱ्याचदा दोन्ही एकाच कंपनीकडे टाकायचा. जुनी भिंतीवरची कॅलेंडरंसुद्धा, हसू नका, खेड्यातला तलाठी जसा कुणाच्या नावावर काय होतं ते फेरफार उलटून सांगतो तसा गावातला जुना एजंट पन्नास वर्षांनंतरही सांगतो की अमुक दुकान अमुक कंपनीकडे होतं, आणि त्याच्या एजन्सीचा नंबर कॅलेंडरवर असतो. माझ्या हाताखालून गेलेली एक फाइल आठवते, हार्डवेअरचं दुकान होतं, सगळं संपलं असं वाटत होतं, आणि मालकाच्या ड्रॉवरमध्ये एक पत्र निघालं, १९७४ साली एक बाई त्यांच्या दुकानात ओल्या फरशीवर घसरली होती, तिने केस केली होती आणि कंपनीच्या वकिलाने पाठवलेल्या पत्रावर वरच पॉलिसी नंबर होता. मालकाने ते पत्र चाळीस वर्षं का ठेवलं? त्या बाईचा राग होता म्हणून. तर आजींना विचारा, कधी कुणी घसरलं होतं का, कुणाचा लग्नाचा कोट जळला होता का.

सापडलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढा, मूळ कागद त्याच खोक्यात त्याच क्रमाने ठेवा, स्टेपल काढू नका. आणि कंपनीचं पहिलं उत्तर येईल की "या नावाची पॉलिसी आमच्याकडे आढळत नाही." याचा अर्थ पॉलिसी नव्हती असा नाही. आम्ही नावाने शोधायचो, आणि दुकानाची नावं पाटीवर एक आणि कागदावर एक असायची, त्यामुळे पत्ता, पाटीवरचं नाव, आजोबांचं पूर्ण नाव, पार्टनर असेल तर त्याचं, सगळ्यांनी परत विचारा. कंपन्यांची नावंही बदलतात. एटनाचा हा सगळा धंदा १९९६ साली ट्रॅव्हलर्सने घेतला. जुनी आयएनए पुढे सिग्ना झाली, तिचा हा विभाग १९९९ला एसकडे गेला आणि एसने २०१६ला चब हे नाव घेतलं. म्हणजे कागदावर आयएनए दिसलं तर पत्र चबला. काही बुडाल्याही, रिलायन्स (आपल्याकडची नव्हे) २००१ला, होम इन्शुरन्स २००३ला लिक्विडेशनमध्ये गेली. तिथे हाती काही लागलं तर थोडंच लागेल.

आता तुमच्या यजमानांच्या गप्प बसण्याबद्दल. मी त्यांना दोष देत नाही, आयुष्यभर साठवलेलं एका रिपोर्टने खाली आलं की माणूस पहिल्यांदा रिपोर्टच फाडतो. पण तो रिपोर्ट घेणाऱ्याकडे आहे, त्याच्या बँकेकडे आहे, आणि तुम्हाला कळलंय. कळल्यावर डीईपीला लगेच कळवणं इथे कायद्याने भाग आहे. शिवाय तुम्ही २०११ला तपासणीशिवाय जागा घेतलीत, त्यामुळे "आम्हाला माहीतच नव्हतं" हा बचाव तुमच्याकडे नाही, १९९३ नंतर घेणाऱ्यांना तो तपासणी केली असेल तरच मिळतो. (तुमच्या एजंटने तेव्हा तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत आहे, सगळ्यांना तेच सांगतात.) आणि इन्शुरन्सच्या बाजूनेही गप्प बसणं महाग पडतं. पॉलिसी स्वतःच्या जमिनीचं नुकसान देत नाही, दुसऱ्याचं देते. भूजल तुमचं नाही, म्हणून पर्क भूजलात पोचलंय ही वाईट बातमी क्लेमच्या दृष्टीने महत्त्वाची बातमी आहे, रिपोर्टमध्ये भूजलाचा आकडा कुठे आहे तो बघून ठेवा. न्यू जर्सीत पिण्याच्या पाण्यात पर्कची हद्द लिटरला एक मायक्रोग्रॅम आहे, देशाच्या हद्दीच्या पाचवा भाग.

पण मला खरी काळजी नाच शिकणाऱ्या मुलींची आहे. पर्क जमिनीतून वाफ होऊन वर येतं, फरशीच्या फटींतून शेजारच्या दुकानात. साफसफाई कोण देणार, पैसे कधी येणार याच्याशी याचा संबंध नाही, या आठवड्यात त्या दुकानातली हवा तपासून घ्या. निघालंच तर उपाय फार मोठा नाही, न्यू जर्सीत कितीतरी घरांच्या बेसमेंटमध्ये जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूसाठी जो पाइप आणि पंखा लावलेला असतो तसाच प्रकार फरशीखाली बसवतात. हे करायला एलएसआरपी, म्हणजे राज्याचा परवाना असलेला साइट प्रोफेशनल लागेल, २००९च्या कायद्यापासून अशी साफसफाई त्यांच्याच देखरेखीखाली होते. त्याची फी तुम्ही देता पण तो तुमचा माणूस नसतो, हे लक्षात ठेवा.

एक सावधगिरी, इथेच लोक पैसे घालवतात. कंपनीला न कळवता साफसफाईवर खर्च केलात तर ती म्हणते हा तुम्ही आपणहून केलेला खर्च, आम्ही का द्यायचा. म्हणून हवा तपासायची असो की पंखा लावायचा, ज्या ज्या कंपनीचं नाव सापडलं असेल तिला त्याच दिवशी लेखी कळवा, आजींच्या वकिलामार्फत. अजून नाव सापडलं नसेल तर थांबू नका, मुलींचं आधी. उशिरा कळवलं म्हणून इथे क्लेम लगेच मरत नाही, उशिरामुळे कंपनीचं खरंच नुकसान झालं हे तिला दाखवावं लागतं, पण तिला ते दाखवायची संधी कशाला द्यायची.

आणि सात लाख पूर्ण येतील अशी आशा करू नका. त्या काळच्या छोट्या दुकानाच्या पॉलिसीची लिमिट आजच्या मानाने चिमूटभर असायची, कधी वर्षाला पंचवीसपन्नास हजार. वीस वर्षं जोडली की रक्कम होते, पण ज्या वर्षी आजोबांनी विमा घेतलाच नव्हता त्या वर्षाचा वाटा त्यांच्याच बाजूला पडतो. दोन-तीन वर्षं लागतील. मध्येच कंपनी म्हणेल, एवढे घ्या आणि पॉलिसी आम्हाला परत विका. ती ऑफर बऱ्याचदा वाईट नसते, पण एकदा विकली की उद्या शेजारच्या घराच्या बेसमेंटमध्ये वाफ निघाली तरी त्या पॉलिसीकडून काही मिळणार नाही, तेव्हा भूजल कुठपर्यंत गेलंय हे कळायच्या आधी सही करू नका. पुण्याचं तिकीट तोपर्यंत एकानेच काढा. सासूबाईंकडे तुम्ही जाणार की ते, हे तुम्ही दोघं ठरवा, पण इथे जो राहील त्याला कागदांचा कंटाळा नसावा, आणि पत्रावरून मला वाटतं की तो माणूस तुम्ही आहात.

पुण्यातल्या एकदोघांनी मागे विचारलं होतं की चिंचवडच्या जुन्या शेडखाली असंच निघालं तर. तिथे हे चालणार नाही. आपल्याकडचा १९९१चा पब्लिक लायबिलिटी कायदा भोपाळनंतर आला, तो अपघातात सापडलेल्यांना तातडीची मदत मिळावी म्हणून, जुनी जमीन धुवायला नाही. त्यावर वेगळं लिहीन.

आजींना फोन रविवारी दुपारी करा, चर्चहून आल्यावर. त्यांना ऐकू कमी येतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे जमलं तर जाऊनच या, आणि या वेळी केक तुम्ही न्या.